ठराव गावाचा, निधीही गावाचा



 या परिषदेचा अध्यक्ष म्हणून मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. कोरोनाच्या काळात गावावर जबाबदारी टाकणारे आदेश धडाधड आले. आधी काय करायचे हे गावाने ठरवण्याची मोकळीक मात्र उशिरा आली, तीही हात आखडून.

२०२०चा ऑगस्ट आठवा. २२ तारखेला गणेश चतुर्थी आणि मुंबईचे चाकरमानी गावाकडे निघालेले. विलगीकरण चौदा दिवसांचे की कमी, यावर बरीच ओढाताण झाली आणि शेवटी राज्याने दहा दिवस ठरवले. पण एका माजघरात आजी, सून, तान्हे मूल आणि परळहून आलेला मुलगा, न्हाणीघर एकच, विहीर सामायिक. तिथे ते दहा दिवस पाळायचे कसे? याचे उत्तर मंत्रालयाजवळ असणे शक्य नव्हते. कुणाला शाळेत ठेवायचे, कुणाला मांगरात, डबा कोण पोचवणार, म्हैस कोण पिळणार, हे साथीसाठी नेमलेल्या ग्राम कृती दलाने बसून ठरवले. घरपट्टीच्या नमुना नंबर आठमध्ये घराचे मोजमाप असते. त्या घरात माणसे कशी राहतात, हे आशाताईला ठाऊक असते. साथीत सर्वांत आधी उपयोगी पडली ती हीच माहिती. आणि ती देणाऱ्या आशाताईंना जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी संपावर जावे लागले, याची मला आजही खंत वाटते.

नांदेड जिल्ह्यातल्या भोसीने बाधितांची राहण्याची सोय शेतांत केली. हिवरे बाजारने घरोघर तपासणी करून, लक्षणे दिसताच माणूस वेगळा ठेवून मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त केले. दोन्ही गावांचे मनापासून कौतुक. पण भोसीचा उपाय आपल्याकडे कोकणात, आषाढात, भाताच्या चिखलात कसा चालणार? प्रत्येक गावाला आपली वाट आपणच काढावी लागते.

गावांचे सगळेच बरोबर होते, असे मी म्हणणार नाही. वेशीवर काटेरी फांद्या टाकून आपल्याच माणसांना परत पाठवणारी गावे होती. जिथे कृती दलात फक्त वजनदार मंडळी बसली, तिथे बंदी आधी दुसऱ्याच्या वाडीवर पडताना मी पाहिली आहे. त्यांना जाब विचारायची जागा म्हणजे ग्रामसभा, आणि तीच बराच काळ बंद होती. मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींच्या निवडणुका पुढे गेल्या, प्रशासक आले. १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या त्या थेट जानेवारी २०२१ मध्ये. गर्दी टाळणे आवश्यक होते, हे मान्य. पण वाडीवार, पाच-पाच घरांच्या बैठका घेता आल्या असत्या.

आता पैशाचे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२०-२१ मध्ये निम्मा निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला, निम्मा अबंधित दिला. पुढच्या वर्षापासून बंधित वाटा साठ टक्के झाला. आयोगाच्या निधीतून पंचवीस टक्क्यांपर्यंत रक्कम गावातल्या विलगीकरण कक्षावर खर्च करायची मुभा मिळाली ती मे २०२१ मध्ये, दुसरी लाट गावात शिरल्यावर. पुढच्याच महिन्यात पथदिव्यांची थकीत बिले अबंधित निधीतून भरा, असा आदेश आला. म्हणजे ऑक्सिमीटर की विजेचे बिल, हा निर्णयसुद्धा मासिक सभेच्या हाती राहिला नाही. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे हे विषय पंचायतींसाठी लिहिलेले आहेत. विषय आमचा, मग त्यावरचा खर्च ठरवताना आम्हाला का विचारू नये?

म्हणून मी एक ठराव मांडतो आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीकडे साथ आणि आपत्तीसाठी राखीव रक्कम असावी. मासिक सभेच्या ठरावाने ती त्याच दिवशी खर्च करता यावी आणि हिशेब पुढच्या ग्रामसभेत वाचला जावा. प्रशासक असला तरी गावाची समिती असावीच. तिच्यात निम्म्या स्त्रिया आणि प्रत्येक वाडीचा एक माणूस असावा. वाडीच्या प्रतिनिधीबद्दल आपल्यात मतभेद आहेत, हे मी जाणतो. त्यावर दुपारच्या सत्रात खुली चर्चा होईल. लहान वाड्यांतून आलेल्या सदस्य भगिनींनी आधी बोलावे, अशी माझी विनंती आहे.