हिवाळा हवा असणारं ऑर्किड

डेंड्रोबियम नोबिले हे सिक्कीमचं राज्यपुष्प. हिमालयाच्या उतारांवर झाडांच्या खोडांना धरून वाढणारं हे ऑर्किड घरातही छान रमतं. पण त्याचा हिवाळा जपावा लागतो.

पावसाळ्यात त्याला भरपूर पाणी आणि खत हवं. कुंडीत माती नको. झाडाच्या सालीचे तुकडे, लोणारी कोळसा, विटांचे खडे पुरतात. जागा उजेडाची, पूर्वेच्या खिडकीजवळची. दिवाळीनंतर मात्र खत पूर्ण बंद करा. पाणीही अगदी कमी, कांड्या फार सुरकुतू नयेत इतपतच. रात्री १० ते १५ अंशांचा गारवा मिळू द्या. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत खिडकी उघडी ठेवली तरी तो मिळतो; मुंबईत कठीणच. याच काळात मायेपोटी पाणी-खत चालू ठेवलं, तर फुलांच्या जागी कांडीवर नुसती पिल्लं फुटतात. आणि पानं गळून उघड्या पडलेल्या कांड्या वाळल्या असं समजून कृपया कापू नका! कळ्या बहुधा त्यांच्याच पेरांवर येतात. त्या स्पष्ट दिसू लागल्या, की पाणी हळूहळू वाढवा.