डीएनएची दुरुस्ती, भौतिकशास्त्र आणि पीएचडीची पाच वर्षं



आजचा विषय नावाने जड आहे : डीएनए दुरुस्तीचं जैवभौतिकशास्त्र आणि त्यात पीएचडी करण्याच्या संधी. तुम्ही इंदूरहून ऐकत असाल, बडोद्याहून, बेळगावहून किंवा नागपूरहून. तुमच्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचे काही विद्यार्थी नक्की असतील, ज्यांनी बारावीनंतर जीवशास्त्र सोडलं आणि ज्यांना वाटतं की तो दरवाजा आता कायमचा बंद झाला. या विषयात तरी तो बंद नाही. उलट भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित शिकलेली माणसं इथे हवी आहेत. मात्र आत जाताना काय बघून जायचं, हे आधी कळायला हवं. कारण प्रश्न आयुष्यातल्या पाच-सहा वर्षांचा आहे.

आधी विषय समजून घेऊ. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत सुमारे ६०० कोटी जोड्यांचा डीएनए असतो. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण २ मीटर भरेल, आणि तो मावतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात. या धाग्याला रोज इजा होते. ऊन, तंबाखूचा धूर, किरणोत्सर्ग ही झाली बाहेरची कारणं. पण नुसतं पाणी आणि अंगातली ऊब यांच्यामुळेही एकेका पेशीत दिवसाला हजारो अक्षरं गळून पडतात. तरी आपण ठणठणीत राहतो, कारण दुरुस्ती अखंड चालू असते. ही दुरुस्ती कशी होते ते उलगडल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सांजार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ही यंत्रणा बिघडली तर काय होतं? बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही नावं तुम्ही स्तनाच्या कर्करोगाच्या संदर्भात ऐकली असतील. या जनुकांपासून बनणारी प्रथिनं तुटलेला डीएनए सांधायला मदत करतात. काही गाठींत हा मार्ग बंद पडलेला असतो. अशा वेळी दुरुस्तीचा दुसरा एक मार्ग औषधाने अडवला, तर कर्करोगाची पेशी तग धरू शकत नाही. ओलापारिब हे औषध याच तत्त्वावर चालतं. अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे आजच्या विषयाचं दुसरं टोक थेट रुग्णाच्या खाटेपाशी आहे.

मग यात भौतिकशास्त्राचं काम काय? रेल्वेचा ट्रॅकमन आठवा. रुळावरून चालत तो एकेक सांधा तपासत जातो. आता अशी कल्पना करा की रूळ ६०० कोटी स्लीपरांचा आहे, त्यातला एकच स्लीपर खराब आहे, आणि आपल्या ट्रॅकमनला ना डोळे आहेत, ना दिशा. आजूबाजूचे पाण्याचे रेणू त्याला सतत धक्के देत आहेत. तो कधी रुळावर थोडा मागे-पुढे सरकतो, कधी सुटून दुसऱ्याच ठिकाणी पडतो. दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनाची अवस्था अशीच असते. तरीही ते खराब जागा वेळेत शोधतं. कसं? हा प्रश्न उष्णता, विसरण आणि बल यांचा आहे. बीएस्सीला शिकलेलं सांख्यिकीय भौतिकशास्त्र इथे कामाला येतं.

हे बघण्याची साधनंही भौतिकशास्त्रानेच दिली. प्रकाशाच्या चिमट्याने, म्हणजे ऑप्टिकल ट्वीझरने, डीएनएचा एकच रेणू दोन टोकांना धरून ताणता येतो. त्याबद्दल आर्थर अ‍ॅश्किन यांना २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तळहातावरच्या सफरचंदाचं वजन साधारण १ न्यूटन. डीएनएचा दुहेरी पीळ साधारण ६५ पिकोन्यूटन बलाला ताणला जाऊन एकदम लांबतो, आणि एका न्यूटनात एक लाख कोटी पिकोन्यूटन असतात. इतकं नाजूक मोजमाप करत असतानाच त्या ताणलेल्या धाग्यावर चमकणारं प्रथिन कसं सरकतं, तेही सूक्ष्मदर्शकातून पाहता येतं. काही गट हेच संगणकावर करतात आणि प्रथिनातल्या अणूंच्या हालचालींचं गणित मांडतात. त्यामुळे ज्यांना प्रयोगापेक्षा प्रोग्रॅमिंग आवडतं, त्यांनाही इथे जागा आहे.

आता भारतातल्या वाटा. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि तिथलंच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीबीएस, या दोन्ही ठिकाणी डीएनएच्या दुरुस्तीवर आणि पुनर्संयोगावर काम झालेलं आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डायनोकॉकस रेडिओड्युरन्स या जिवाणूचा अभ्यास होतो. माणसाला साधारण ५ ग्रे किरणोत्सर्ग जीवघेणा ठरतो. हा जिवाणू ५,००० ग्रे सोसतो आणि तुकडे-तुकडे झालेला आपला डीएनए काही तासांत पुन्हा जोडतो! नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था आहे. शिवाय आयसर आणि आयआयटी यांच्या जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या तिन्ही विभागांची संकेतस्थळं चाळा. तुमचा विषय नेमका कुठल्या विभागात दडलेला असेल, हे नावावरून कळत नाही.

प्रवेशासाठी सीएसआयआर-यूजीसी नेट आहे, गेट आहे. भौतिकशास्त्रवाल्यांना जेस्ट आहे आणि जीवशास्त्राकडे वळणाऱ्यांना टीआयएफआरची जीबिल्स. नेट भौतिकशास्त्रातून दिली म्हणून जीवशास्त्राची प्रयोगशाळा बंद होते, असं समजू नका. अनेक संस्था अशा उमेदवारांना मुलाखतीला बोलावतात. तरीही प्रत्येक संस्थेची चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर राहू नका. बीएस्सीनंतर थेट जायचं असेल, तर एकात्मिक पीएचडीचे अभ्यासक्रमही आहेत.

पैशांचं बोलू, कारण घरी पहिला प्रश्न तोच येतो. कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्ती, म्हणजे जेआरएफ, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली. पुढे वरिष्ठ शिष्यवृत्ती ४२,००० रुपये. त्यावर नियमानुसार घरभाडे भत्ता. पण ती दर महिन्याला वेळेवर येईलच असं धरून चालू नका. काही महिन्यांची रक्कम एकदम जमा होण्याचे प्रसंग येतात, म्हणून सुरुवातीला थोडी गंगाजळी जवळ हवी.

परदेशी जायचं असेल, तर एक फरक समजून घ्या. नेदरलँड्स आणि जर्मनीत पीएचडीचा विद्यार्थी बहुतेक वेळा पगारी कर्मचारी असतो. जागा नोकरीसारखी जाहीर होते आणि अर्जही तसाच करायचा असतो. जर्मनीतल्या माइन्झची रेण्वीय जीवशास्त्र संस्था आणि इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठातलं जनुकसंच-हानी केंद्र ही या विषयातली जाणती ठिकाणं आहेत. युरोपीय संघाच्या मारी क्युरी योजनेतल्या डॉक्टरल जागांना एक अट असते : ज्या देशात जागा आहे, तिथे मागच्या ३६ महिन्यांत तुम्ही १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. भारतातून पहिल्यांदा जाणाऱ्याला ही अट अडचणीची नाही, फायद्याचीच आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. संस्थेचं नाव बघून पीएचडी घेऊ नका. प्रश्न बघून आणि मार्गदर्शक बघून घ्या. मुलाखतीला गेलात की त्या प्रयोगशाळेतल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यासोबत चहा घ्या आणि चार गोष्टी विचारा. इथे पीएचडीला प्रत्यक्षात किती वर्षं लागतात? मागचे विद्यार्थी आज कुठे आहेत? लागणारं उपकरण इथेच आहे, की दुसऱ्या गावी जाऊन वेळ मागावी लागते? प्रयोग फसला, तर सर किंवा मॅडम काय म्हणतात? चौथ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना चेहऱ्याकडेही बघा. या क्षेत्रात प्रयोग फसणं हा रोजचा भाग आहे. प्रथिन शुद्ध करून तयार करण्यातच महिने जातात.

घरच्यांशीही स्पष्ट बोला. मित्र नोकरीला लागून घर घेतील, तेव्हा तुम्ही कदाचित अजून लेसरचे आरसे जुळवत असाल. प्राध्यापकीच्या जागा थोड्या आहेत, हेही खरं. पण सूक्ष्मदर्शन, मोजमाप, माहितीचं विश्लेषण आणि प्रथिनांचं काम ही कौशल्यं औषधनिर्मितीत, उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांत आणि निदानाच्या क्षेत्रात चालतात. त्यामुळे पीएचडी करतानाच निदान एक तरी कौशल्य असं पक्कं करा, ज्यावर प्रयोगशाळेबाहेरही पोट भरेल.

तर या आठवड्यात एक काम करा. तीन प्रयोगशाळा निवडा आणि प्रत्येकीचा अलीकडचा एकच शोधनिबंध वाचा. सगळा कळणार नाही, कळायलाही नको. आकृत्या बघा, आणि जिथे अडलात तिथला एक प्रश्न लिहून काढा. मग त्या मार्गदर्शकांना दहा ओळींचं पत्र पाठवा. त्यात स्वतःची स्तुती नको, तो प्रश्न असू द्या. पन्नास जणांना एकच मजकूर पाठवलेलं पत्र लगेच ओळखू येतं आणि ते न वाचताच बाजूला पडतं. मनापासून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येण्याची शक्यता बरीच जास्त. दोन आठवड्यांत काहीच आलं नाही, तर एकदा नम्रपणे आठवण करा आणि पुढच्या प्रयोगशाळेकडे वळा.