काटा वर, हीटर गार

मालवणहून मासळी भरून निघालेली पिकअप कसालला महामार्गाला लागते, कणकवलीपर्यंत बिनतक्रार धावते आणि फोंडाघाटाच्या चढाला लागली की तिचा टेम्परेचरचा काटा वर सरकू लागतो. ही तक्रार सिंधुदुर्गातल्या गॅरेजांना नवी नाही. त्याच गाडीचा हीटर लावला तर गार वारा येतो, ही दुसरी तक्रार मात्र सहसा कुणी सांगत नाही. किनाऱ्यावर हीटर लागतो कुणाला? आंबोलीच्या धुक्यात काच धूसर झाली किंवा डिसेंबरच्या रात्री दाजीपूरच्या रानातून जायची वेळ आली, तरच त्याची आठवण होते. निदानाच्या कामी मात्र ही न सांगितलेली तक्रारच अधिक मोलाची ठरते. इंजिन तापले आहे आणि हीटर गार आहे, याचा अर्थ गरम पाणी जिथे पोहोचायला हवे तिथे पोहोचत नाही.

डिझेल जळून निघणाऱ्या उष्णतेचा एक भाग चाकांना मिळतो, एक भाग धुराबरोबर बाहेर जातो आणि साधारण पाव ते तिसरा हिस्सा इंजिनभोवतीच्या पाण्याला उचलावा लागतो. मोटारीइतकीच जुनी ही अडचण आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर मोटार नेली, तेव्हा पाणी उकळून उडून जात असल्याने वाटेत पुन्हापुन्हा भरावे लागले होते. आजच्या गाडीत तेच पाणी बंदिस्त फिरते. पंप, म्हणजे गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी, ते ब्लॉकमध्ये ढकलतो. तिथून ते हेडमध्ये चढते, थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरमध्ये उतरते आणि थंड होऊन पंपाकडे परतते. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असते. ते साधारण ८२ अंशांना वितळून फुगू लागते आणि झडप उघडते. हीटरची वाट वेगळी आहे. ती हेडच्या आसपास, बहुतेक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या अलीकडे फुटते आणि केबिनमधल्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरून परत पंपाला मिळते. म्हणून थर्मोस्टॅट बंद असला तरी हीटर गरम व्हायला हवा.

सगळे निदान या एका गोष्टीवर उभे आहे. काटा वर आणि हीटर कडकडीत गरम असेल तर पाणी पुरेसे आहे आणि पंपही फिरवतो आहे. दोष पुढच्या बाजूला, म्हणजे थर्मोस्टॅट, रेडिएटर, पंखा किंवा पट्टा यांत शोधावा. काटा खालीच राहतो आणि हीटरही कोमट असतो, तेव्हा थर्मोस्टॅट बहुधा उघडाच अडकलेला असतो. काटा वर आणि हीटर गार असेल तर संशयित चार: पाणी कमी झालेले, वॉटर बॉडी निकामी, आतले मार्ग तुंबलेले, किंवा हेड गॅस्केट गेलेले. असे असताना आल्या आल्या रेडिएटर उतरवून रॉडिंगला, म्हणजे नळ्या सळईने साफ करायला, पाठवणे म्हणजे ताप आला म्हणून आधी चादर बदलण्यासारखे आहे.

पहिली तपासणी हाताने होते. हीटरला जाणारे दोन रबरी होज पाइप इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून आत शिरतात. इंजिन तापल्यावर दोन्हींना जपून बोटे लावून पाहावीत. दोन्ही गरम असतील तर पाणी आत जाऊन परत येते आहे. हवा वळवणारे झाकण किंवा त्याची केबल अडकली असावी आणि गार हीटरचा इंजिनाच्या तापण्याशी संबंध नसावा. एक गरम आणि दुसरा गार असेल तर हीटरची जाळी तुंबली आहे किंवा त्याचा कॉक बंद आहे. हा कॉक केबलने चालत असेल तर तो आधी पाहावा. खारी हवा आणि बारा महिने हात न लागलेली केबल, एवढ्यावरच तो जागच्या जागी गंजून बसतो. दोन्ही पाइप गार असतील तर मात्र पाणी हीटरपर्यंत पोहोचलेलेच नाही.

पोहोचत नाही याचे सगळ्यात साधे कारण म्हणजे पाणी नाही. हीटरची जाळी उंचावर असते, तिच्या नळ्या अरुंद असतात, त्यामुळे पातळी उतरली की हवा प्रथम तिथे साठते. रेस वाढवली की हीटर कोमट होतो, गाडी उभी राहिली की पुन्हा गार पडतो. हा लपंडाव कमी पाण्याची किंवा थकलेल्या पंपाची खूण आहे. चालक बाटली दाखवतो आणि ती भरलेली असते. पण साध्या, दाब नसलेल्या बाटलीच्या पद्धतीत रेडिएटरचे झाकण बिघडले असेल, तर तापल्यावर बाहेर गेलेले पाणी थंड होताना परत आत ओढले जात नाही. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असे मग सर्रास आढळते. पातळी रेडिएटरच्या तोंडाशीच पाहावी आणि तीही इंजिन पूर्ण थंड असताना.

झाकणाचे दुसरे काम दाब धरण्याचे. बाहेरच्यापेक्षा एक वातावरण जास्त दाब राहिला तर साधे पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचा रबर कडक झाला की हा आधार जातो. समुद्रसपाटीला शंभर अंशांवर उकळणारे पाणी सुमारे ७०० मीटर उंचीच्या आंबोलीत ९८ च्या आतच उकळते. किनाऱ्यावर निभावून नेणारे झाकण घाटात उघडे पडते ते त्यामुळे. शिवाय चढाला इंजिनावर बोजा जास्त आणि समोरून येणारा वारा कमी.

इथे काट्याबद्दल सावध राहिले पाहिजे. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असताना खरे सांगतो. पाणी उतरून तो वाफेत किंवा हवेत उघडा पडला की काटा अचानक खाली येऊ शकतो. चालक समजतो, गाडी थंड झाली. खरे तर हेड त्याच क्षणी कोरडे भाजत असते.

वॉटर बॉडीचा दोष बाहेरून दिसतोच असे नाही. तिच्या खालच्या छिद्रातून ओघळ आला असेल तर निकाल सोपा. पण आतल्या चक्राची पाती खाऊन गेली असतील तर पट्टा फिरतो, पुली फिरते, पाणी मात्र जागचे हलत नाही. रेडिएटरचे तोंड इंजिन थंड असतानाच उघडावे, इंजिन चालू करून तापू द्यावे आणि थर्मोस्टॅट उघडल्यावर आत धार हलते का ते पाहावे.

पाती खाण्याचे कारण बऱ्याचदा पाणीच असते. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि आंब्याच्या हंगामात, म्हणजे गाड्यांची पळापळ सर्वांत जास्त असताना, रेडिएटरमध्ये तेच पाणी पडते. त्यातला क्षार ॲल्युमिनियम पोखरतो, लोखंडाला गंज आणतो, आणि तो चिखल जाऊन बसतो अरुंद नळ्यांत. त्यावर हळदीचा उपाय. रेडिएटर ठिबकू लागला की मूठभर हळद टाकण्याची युक्ती देशभरच्या ड्रायव्हरांना ठाऊक आहे, आणि ठिबक थांबतेही. पण जी हळद भोक बुजवते ती नळीही बुजवते. हीटरची जाळी सर्वांत बारीक, म्हणून आधी ती जाते आणि मागोमाग रेडिएटर. अशा गाडीत दोन्ही लक्षणे एकाच डब्यातून आलेली असतात. दोन्ही जाळ्या उलट्या दिशेने स्वच्छ पाण्याने धुऊन पाहाव्यात; धार मोकळी झाली नाही तर बदलण्यावाचून इलाज नाही.

चौथा संशयित सर्वांत महाग. ॲल्युमिनियमचे हेड बिडाच्या ब्लॉकच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. एकदा भरपूर तापले की ते वाकते आणि गॅस्केट सुटते. मग सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो, त्याचे बुडबुडे हीटरमध्ये अडकतात, पाणी बाटलीतून बाहेर फेकले जाते. थंड इंजिन चालू करून मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक झाला, पाणी गळती न दिसता कमी होत गेले, ऑइल चहासारखे दुधाळ झाले, तर हेड उतरवून त्याचा फेस, म्हणजे ब्लॉकवर बसणारा पृष्ठभाग, तपासावाच लागतो. अशा वेळी नुसते पाणी भरत राहणारा मालक गॅस्केटच्या खर्चावर हेडचा खर्च चढवतो.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची चाल इथे फार आहे. कोकणात थंडी कुठे, मग झडप हवी कशाला, असा तिचा युक्तिवाद. तो चुकीचा आहे. सपाटीला इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त जळते, सिलिंडर झिजतो. आणि ज्या इंजिनात तापल्यावर बायपासची वाट बंद करण्याचे कामही हीच झडप करते, तिथे ती काढली की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो. घाटात गाडी थंड राहावी म्हणून केलेला उपाय घाटातच गाडी तापवतो.

घाटात काटा चढला तर एसी बंद करून, चालत असेल तर हीटर पूर्ण वेगाने सोडावा. तो छोटा रेडिएटरच आहे. तरी काटा उतरला नाही तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. तापल्या ब्लॉकवर झऱ्याचे गार पाणी ओतल्यास हेडला चीर जाऊ शकते. दुरुस्तीनंतर डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मेनिम्मे भरावे. भरताना गाडीचे तोंड चढाकडे, झाकण उघडे आणि हीटरचा खटका गरमकडे ठेवावा. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करावा, वरचा होज दाबत राहावा आणि बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवावे. हीटरमधून कढत वारा येऊ लागला की पाणी सगळीकडे पोहोचले. तोवर गाडी घाटाला लावू नये.