समभाग : निवड, धारणा आणि विवेक



स्वतः अभ्यास करून समभाग घेणाऱ्या गुंतवणूकदारांचे काही प्रश्न वर्षानुवर्षे तेच असतात. त्यांतील चार प्रश्नांचा आज विचार करू.

पहिला प्रश्न : २० रुपयांचा समभाग २,००० रुपयांच्या समभागापेक्षा स्वस्त नव्हे काय? याचे उत्तर नकारार्थी आहे. बाजारभावाची तुलना कंपनीच्या प्रतिसमभाग उत्पन्नाशी करावी लागते. २० रुपयांच्या समभागामागे वार्षिक नफा ५० पैसे असेल, तर किंमत-उत्पन्न गुणोत्तर ४० येते. २,००० रुपयांच्या समभागामागे नफा २०० रुपये असेल, तर ते १० येते. नफ्याच्या मानाने दुसराच समभाग स्वस्त ठरतो. अर्थात, केवळ कमी गुणोत्तर पाहून खरेदी करणेही धोक्याचे असते. नफा घटण्याची शक्यता बाजाराने आधीच हिशेबात घेतलेली असू शकते. म्हणून कंपनीवरील कर्ज, व्यवसायातून प्रत्यक्ष येणारी रोकड आणि प्रवर्तकांनी तारण ठेवलेले समभाग या बाबीही तपासाव्यात.

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : भाव कोसळला तर समभाग धरून ठेवावा काय? जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१,००० ची पातळी ओलांडली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्यवहार सुरू असताना तो ८,००० च्याही खाली गेला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा २१,००० वर पोहोचला. यावरून ‘थांबले की पैसे परत मिळतात’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो निर्देशांकाबाबत खरा ठरला. प्रत्येक समभागाबाबत मात्र नाही. २००८ मध्ये सेन्सेक्समध्ये असलेली रिलायन्स कम्युनिकेशन्स २०११ मध्ये त्यातून वगळली गेली आणि २०१९ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत सापडली.

हा फरक निर्देशांकाच्या रचनेत आहे. १९८६ मध्ये सेन्सेक्स सुरू झाला, तेव्हाच्या ३० कंपन्यांत हिंदुस्थान मोटर्स आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स होत्या. पुढे त्यांची जागा इतरांनी घेतली. ठरावीक निकषांनुसार निर्देशांक आपले घटक बदलतो. आपल्या डिमॅट खात्यातील समभाग आपोआप बदलत नाहीत. शिवाय, १०० रुपयांचा समभाग २० रुपयांवर आला, तर मूळ भाव गाठण्यासाठी तो पाचपट वाढावा लागतो. म्हणून खरेदीचा भाव विसरून स्वतःला विचारावे : हा समभाग आज माझ्याकडे नसता, तर याच भावाला मी तो घेतला असता काय? ज्या कारणासाठी तो घेतला ते कारण टिकून असेल, तर धीर धरणे योग्य होय. ते कारणच नाहीसे झाले असेल, तर सरासरी खाली आणण्यासाठी आणखी खरेदी करणे म्हणजे चूक वाढवणे होय.

तिसरा प्रश्न : अभ्यास पक्का असेल, तर एकाच कंपनीत सारी रक्कम का गुंतवू नये? कारण अभ्यासाचा आधार असलेले हिशेबच खोटे असू शकतात. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी ताळेबंदातील रोकड फुगवल्याची कबुली दिली. त्या एका दिवसात समभागाचा भाव तीन-चतुर्थांशाहून अधिक घसरला. निरनिराळ्या उद्योगांत विभागणी करणे हाच त्यावरील उपाय होय. ज्यांना इतका वेळ देता येत नाही, त्यांना निर्देशांकावर आधारित म्युच्युअल फंड उपलब्ध आहेत.

चौथा प्रश्न तरुणांकडून येतो : वायदे आणि ऑप्शन्समधून लवकर पैसा मिळत नाही काय? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांतील ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. ही रक्कम बहुतांशी कुटुंबांच्या बचतीतून गेली, हे ध्यानात घ्यावे.

परीक्षेच्या दृष्टीने एक भेद लक्षात ठेवावा. प्राथमिक बाजारात नव्या समभागांद्वारे भांडवल उभे राहते; दुय्यम बाजारात केवळ मालकी बदलते. मात्र दुय्यम बाजाराची रोखता आणि विश्वासार्हता नसेल, तर प्राथमिक बाजारात कोणी बचत गुंतवणार नाही. म्हणूनच १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सेबीला १९९२ च्या कायद्याने वैधानिक अधिकार देण्यात आले. कायदा गैरव्यवहारांना आळा घालू शकतो. स्वतःच्या निर्णयाची जबाबदारी मात्र गुंतवणूकदाराचीच राहते.