मतदानाच्या पद्धती आणि पराभूताचा विश्वास

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



साहित्य, संगीत आणि संतवाङ्मय या विषयांनी रंगलेल्या व्याख्यानमालेत मतपेटी आणि मतदानयंत्र हा विषय काहींना रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या प्रांतात आपण पोटापाण्यासाठी आलो आणि पुढे कायमचे स्थिरावलो, तेथील रस्ता, पाणी, शाळा आणि मुलांची भाषा यांविषयीचे निर्णय शेवटी मतदानानेच निवडून आलेली माणसे घेतात. आपण येथे संख्येने थोडे आहोत. थोड्यांच्या हाती जी काही सत्ता असते ती एका मताचीच असते. ते मत नोंदले कसे जाते, मोजले कसे जाते आणि झाकलेले कितपत राहते, हे जाणून घेणे म्हणूनच आपणांस अगत्याचे आहे.

कोणत्याही मतदानपद्धतीस आम्ही चार प्रश्न विचारू इच्छितो. ज्याला अधिकार आहे त्यालाच, आणि एकदाच, मत देता येते काय? दिलेले मत गुप्त राहते काय? जसे दिले तसेच ते मोजले जाते काय? आणि शंका आल्यास ते पुन्हा तपासता येते काय? यांतील दुसरा आणि चौथा प्रश्न एकमेकांशी भांडणारे आहेत. बँकेच्या व्यवहारात चूक झाली तर खातेदाराचे नाव पाहून ती सुधारता येते. मतदानात मात्र नाव पुसूनच हिशेब ठेवावा लागतो. मतदानपद्धतीच्या अडचणीचे मूळ येथे आहे. विजयी उमेदवाराला कोणतीही पद्धत निर्दोषच वाटते. खरी कसोटी पराभूताची आहे. आपण हरलो हे ज्याला स्वतः तपासून पटते, त्याच्याच संमतीवर लोकशाही उभी असते.

आपल्या देशातील पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झाली आणि फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालली. मतदार सुमारे सतरा कोटी तीस लाख. त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे मतपेटीच्याही आधी प्रश्न उभा राहिला तो मतदारयादीचा. अनेक स्त्रियांनी परक्या माणसापुढे स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची पत्नी, तमक्याची आई, एवढीच ओळख दिली. अशा सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. मोजणी कितीही चोख असली तरी ज्याचे नावच यादीत नाही त्याचे मत मोजणार कोण? एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून बोटाला लावण्याची ती प्रसिद्ध शाई १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी रंग-कारखान्यातून येते. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेट कातडीवर काळा डाग धरते. इतका स्वस्त, आणि शेजाऱ्याला नुसत्या नजरेने तपासता येणारा उपाय क्वचितच सापडेल.

त्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. पेटीवर त्याचे चिन्ह असे, आणि मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाची, खूण करावयाची नाही. एक रुपयाच्या नोटेएवढ्या या मतपत्रिका नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापल्या गेल्या, आणि लाखो पोलादी पेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. निरक्षर मतदाराला ही रीत सोपी होती. परंतु तिच्यात एक छिद्र राहिले. मतपत्रिका कोरी असल्यामुळे ती पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर नेता येई व विकता येई. विकत घेणारा मग अशा अनेक पत्रिका आपल्या माणसाकरवी एका पेटीत टाकवू शके.

यावर उपाय म्हणून सर्व उमेदवारांची नावे व चिन्हे एकाच पत्रिकेवर छापून तिच्यावर शिक्का मारण्याची पद्धत आली. १९६० मध्ये केरळात तिचा अनुभव घेण्यात आला आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती रूढ झाली. कागदाचा मोठा गुण असा की तो राहतो. मोजणी पुन्हा करता येते आणि दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना प्रत्येक पत्रिका डोळ्यांनी पाहता येते. मराठी मनाला याचे एक उदाहरण विसरता येणार नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, हा प्रश्न होता. विलीनीकरणाचे चिन्ह फूल आणि वेगळेपणाचे चिन्ह दोन पाने. विलीनीकरणास १,३८,१७० मते पडली आणि विरुद्ध बाजूस १,७२,१९१. केवळ ३४,०२१ मतांच्या फरकाने एका मोठ्या समूहाचे स्वप्न मावळले. तरीही तो कौल मानला गेला. विलीनीकरणाची कड घेणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष त्याच वर्षी विधानसभेच्या निवडणुकीला उभा राहिला आणि जिंकला. जी पद्धत आपल्याविरुद्ध निकाल देते तिलाच पुन्हा सामोरे जावेसे वाटणे, याहून मोठे प्रमाणपत्र कोणत्याही मतदानपद्धतीस मिळणे नाही.

मात्र कागदाच्याही मर्यादा लवकरच दिसल्या. शिक्का दोन चिन्हांच्या मधोमध पडला की मत बाद होई. त्याहून भयंकर म्हणजे केंद्र बळकावणे. चार दांडगे आत शिरले, अधिकाऱ्याला बाजूला बसवले आणि भराभर शिक्के मारून गठ्ठाच्या गठ्ठा पेटीत टाकला, असे प्रकार अनेक ठिकाणी घडले. अशी पेटी पुढे कितीही प्रामाणिकपणे मोजली तरी तिच्यातून खोटाच निकाल बाहेर येणार.

यंत्राचा विचार या पार्श्वभूमीवर पुढे आला. १९ मे १९८२ रोजी केरळातील परूर मतदारसंघाच्या पन्नास केंद्रांवर त्याचा प्रथम वापर झाला. त्याची हकीकत उद्बोधक आहे. कम्युनिस्ट उमेदवार शिवन पिल्लै यांनी मतदानापूर्वीच यंत्राला हरकत घेतली होती. निकालात तेच १२३ मतांनी विजयी झाले. मग काँग्रेसचे पराभूत उमेदवार ए. सी. जोस न्यायालयात गेले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कायद्यात मतपत्रिकेचीच तरतूद आहे, तेव्हा नियम न बदलता यंत्र वापरता येणार नाही. त्या पन्नास केंद्रांवर कागदाने फेरमतदान झाले आणि जोस निवडून आले. यंत्राने चूक केली असे न्यायालयाने म्हटले नव्हते. साधन कितीही उत्तम असो, त्याला कायद्याचे अधिष्ठान हवे, एवढेच त्यातून ठरले. पुढे लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन १९८९ पासून यंत्राला मान्यता मिळाली. १९९८ मध्ये काही विधानसभा मतदारसंघांत त्याचा वापर झाला आणि २००४ ची लोकसभेची निवडणूक सर्वत्र यंत्रांवर पार पडली.

हे यंत्र बंगळूर आणि हैदराबाद येथील दोन सरकारी कंपन्या बनवतात. ते बॅटरीवर चालते आणि बाहेरच्या कोणत्याही जाळ्याला जोडलेले नसते. अधिकाऱ्याने प्रत्येक मतदारासाठी आपल्याजवळचे बटण दाबल्याशिवाय मत नोंदत नाही. यामुळे केंद्र बळकावणाऱ्याला मिनिटाला चार-पाचांहून फारशी मते देता येत नाहीत, आणि गडबड दिसताच अधिकारी एक बटण दाबून मतदान बंद करू शकतो. बाद मतांचा प्रश्नही जवळजवळ संपला. म्हणजे कागदाचे जे दोन मोठे दोष, त्यांवर यंत्राने खरोखरच औषध दिले.

परंतु औषधाबरोबर एक नवे पथ्यही आले. पेटी उघडून कोणालाही पाहता येते. यंत्राच्या आत पाहून सामान्य माणसाला काय कळणार? यंत्राची फेरमोजणी म्हणजे तोच आकडा पुन्हा वाचणे. जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी नेमक्या याच मुद्द्यावर तेथील मतदानयंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानावाचून तपासता आले पाहिजेत, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. यंत्रात कोणी फेरफार केल्याचे तेथे सिद्ध झाले नव्हते.

आपल्याकडे या आक्षेपाला उत्तर मिळाले ते कागद यंत्राच्या शेजारी परत आणून. मत देताच उमेदवाराचे नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि खालच्या बंद पेटीत पडते. २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत ही सोय प्रथम वापरली गेली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अशी कागदी नोंद मोकळ्या व न्याय्य निवडणुकीस अत्यावश्यक ठरवली. २०१७ मध्ये गोव्याच्या विधानसभेचे संपूर्ण मतदान या सोयीसह झाले, आणि २०१९ ची लोकसभेची निवडणूक देशभर तशीच झाली. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडाव्या, असा आदेश २०१९ मध्ये मिळाला. सर्वच चिठ्ठ्या मोजाव्या, किंवा कागदी मतपत्रिकेकडे परत जावे, ही मागणी २६ एप्रिल २०२४ च्या निकालाने अमान्य झाली. तथापि दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांच्या आत अर्ज करून पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याचा हक्क त्याच निकालाने दिला. हक्क पराभूतांना दिला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पाच केंद्रे पुरेशी की अपुरी, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. आमच्या मते नमुना वाढवल्याने निकालाला चार तास उशीर झाला तरी तो सौदा महाग म्हणता येणार नाही.

आता आपल्यासारख्या दूर राहणाऱ्यांचा प्रश्न. सैन्यातील जवानाला मतपत्रिका टपालाने मिळते. २०१६ पासून ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याची सोय झाली, पण भरलेली पत्रिका टपालानेच परत येते. टपाली मतदानात सोय आहे, मात्र पडद्याआडची गुप्तता घरातल्या माणसांच्या भरवशावर सोडलेली असते. एस्टोनिया या लहानशा देशात २००५ पासून घरबसल्या संगणकजाळ्यावरून मत देता येते. दडपणावर त्यांनी काढलेला तोडगा असा की मत पुन्हा देता येते आणि शेवटचे तेवढे धरले जाते. आपल्या निवडणूक आयोगानेही डिसेंबर २०२२ मध्ये, देशांतर्गत स्थलांतरितांसाठी, एका केंद्रावरून बहात्तर मतदारसंघांची मते घेऊ शकणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली होती. जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना ते दाखवण्यात आले तेव्हा अनेकांनी हरकती घेतल्या. त्यांतली एक शंका आम्हांस रास्त वाटते. सातारच्या मतदारसंघाचे मत शेकडो मैलांवर पडत असता तेथे उमेदवाराचा प्रतिनिधी बसणार कोण? जेथे पाहणारा नाही तेथे पराभूताला पटवणाराही कोणी नाही.

तूर्त कायदा सरळ आहे. मनुष्य सर्वसाधारणपणे जेथे राहतो तेथे त्याचे नाव असावे, आणि दोन ठिकाणी असू नये. गावच्या यादीतले नाव काढणे म्हणजे गावाशी नाते तोडणे, अशी भावना आपल्यापैकी कित्येकांच्या मनात असते, आणि ती आम्ही जाणतो. पण परिणाम असा होतो की गावी मतदानाला जाणे घडत नाही आणि येथे नाव नसते. त्या अठ्ठावीस लाख भगिनींप्रमाणे आपणही यादीबाहेरच राहतो, आणि तेही आपल्या हाताने.

येथे गुप्ततेचा एक मुद्दा आपणांस विशेष लागू आहे. पूर्वी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची रीत होती. यंत्रामुळे प्रत्येक केंद्राचा निकाल वेगळा कळतो. एका आळीत एकाच भाषेची कुटुंबे राहत असली, तर त्या आळीने कोणाला मत दिले हे निवडून आलेल्याला उमगते, आणि न दिल्याचा राग नळाच्या जोडणीवर निघू शकतो. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणाऱ्या उपकरणाचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला, विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला दुजोरा दिला. तो अमलात आलेला नाही. परप्रांतात राहणाऱ्या कोणत्याही भाषिक समाजाने हा विषय लावून धरण्याजोगा आहे.

शेवटी एक नम्र सूचना. पेटी, पत्रिका, यंत्र आणि चिठ्ठी या सर्व पद्धतींत एक गोष्ट समान आहे: जागरूक मनुष्य शेजारी बसलेला असावा लागतो. मतदानापूर्वी प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचे चाचणी-मतदान होते. मतदान संपल्यावर नोंदलेल्या मतांचा हिशेब सतरा-सी नमुन्यात लिहून त्याची प्रत त्यांना दिली जाते. मोजणीच्या दिवशी तोच आकडा यंत्राशी जुळवता येतो. इतक्या साध्या कागदाने मोठी लबाडी उघडकीस येऊ शकते, पण प्रत घ्यायला कोणी हजर असेल तरच. आपल्यातील निवृत्त मंडळींनी, पक्ष कोणताही असो, हे काम अंगावर घ्यावे. आणि मंडळाच्या कार्यकारिणीची निवडणूकही हात वर करून न होता चिठ्ठीने व्हावी, मोजणी दोन्ही बाजूंच्या समक्ष व्हावी आणि चिठ्ठ्या पुढील सभेपर्यंत मोहोरबंद ठेवाव्या. हात वर करताना शेजाऱ्याकडे पाहावे लागते, आणि पन्नास वर्षांचा स्नेह असलेल्या माणसांत तर ते अधिकच अवघड असते. यंदा जे हरतील त्यांनी पुढील वर्षी पुन्हा उत्साहाने उभे राहावे, असे आपल्या मंडळाचे मतदान असो, ही सदिच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.