हिशेब देणारे नेतृत्व



मराठी ख्रिस्ती लेखकांच्या आणि संस्थाचालकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मजकडे सोपविले, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. याच विदर्भात, नागपुरास, ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान एके काळी लक्ष्मीबाई टिळकांनी भूषविले होते, याचे स्मरण झाले म्हणजे हे आसन केवळ मानाचे राहत नाही, जबाबदारीचे होते. वैनगंगेच्या खोऱ्यातील या भातपिकाच्या मुलखात, झाडीपट्टीत, ब्रह्मपुरीस आपण जमलो आहोत. ब्रह्मपुरीतील सामान्य मनुष्यास ख्रिस्ती समाजाची ओळख आपल्या ग्रंथांमुळे फार थोडी झालेली असणार. ती मुख्यतः येथील ख्रिस्तानंद रुग्णालयाच्या दारात झालेली आहे. आपण लिहितो काय याहून आपण संस्था चालवितो कशा, यावरूनच आपल्या श्रद्धेची पारख येथे होत आली आहे, आणि म्हणून आज साहित्याच्या व्यासपीठावरून मी नेतृत्व व नीती या विषयावर बोलण्याचे योजिले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ख्रिस्ताच्या दृष्टीने पुढारी हा मालक कधीच नसतो; दुसऱ्याची अमानत सांभाळणारा तो कारभारी असतो, आणि त्याने आपला हिशेब देवाला तर द्यावयाचाच, पण जो मनुष्य त्याच्याकडे हिशेब मागण्यास सर्वांत असमर्थ आहे, त्यालाही तो आधी द्यावयाचा.

या गोष्टीचा दाखला याच भूमीत सापडतो. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांच्या अमदानीत जंगल तोडून तलाव बांधणाऱ्यास त्या तलावाखालची जमीन सनदेने देण्याची चाल होती, आणि कोहळी समाजातील कसबी माणसांनी चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांत जे तलाव निर्माण केले, ते पुढे मालगुजारांच्या, म्हणजे गावचा सारा भरणाऱ्या जमीनमालकांच्या, ताब्यात आले. अधिकार मिळाला तो तलाव बांधल्यामुळे, आणि तो शोभला तो पाणी नीट वाटल्यामुळे. तलावाचे तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, उघडले की पाळीलगतच्या भाताच्या बांध्या आपोआप भिजतात. त्यात वाटणाऱ्याचे कर्तृत्व काही नाही. वाटणाऱ्याची परीक्षा होते ती अगदी शेपटाकडच्या बांधीत, जेथे भात निसवण्याच्या वेळी पाणी पोचले तरच घरात धान्य येते, आणि जिचा कसणारा बहुधा गावातील सर्वांत दुबळा मनुष्य असतो. 1951 साली मालगुजारी संपुष्टात आली, आणि ती जाणे न्यायाचेच होते. परंतु मालक गेल्यानंतर तलावाचा वाली कोण, या प्रश्नाचे धड उत्तर दीर्घकाळ न मिळाल्यामुळे कित्येक तलाव गाळाने भरत गेले. मालकी नष्ट केल्याने कारभार आपोआप शुद्ध होतो असे नाही. उत्तरदायी माणूस उभा करावा लागतो. आपल्या मंडळ्या, शाळा, दवाखाने आणि वसतिगृहे परदेशी मिशनांच्या हातून आपल्या हाती आली, तेव्हाही हाच प्रश्न आपल्यापुढे उभा होता, आणि तो अजून सुटलेला नाही.

पवित्र शास्त्रात या कसोटीचे दोन प्रसंग मला सदैव मार्गदर्शक वाटत आले आहेत. पहिला शमुवेलाचा. आयुष्यभर न्यायनिवाडा केलेला हा वृद्ध पुरुष, राज्य नव्या राजाच्या हाती गेल्यावर, सर्व लोकांसमोर उभा राहतो आणि विचारतो की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणावर जुलूम केला, कोणाच्या हातून लाच घेऊन डोळे झाकले, ते सांगा, म्हणजे मी परत करीन. हा प्रश्न त्याने आपल्या खाजगी मंडळींस विचारला नाही. नव्या राजाच्या देखत, म्हणजे आता शमुवेलास भिण्याचे ज्यांना कारण उरले नव्हते, अशा लोकांस विचारला. याच शमुवेलाच्या मुलांनी न्यायासनावर बसून लाच खाल्ली होती, हेही शास्त्र लपवीत नाही. सचोटी वारसाहक्काने उतरत नाही, ती प्रत्येक पिढीने नव्याने मिळवावयाची असते, हे आपल्या विश्वस्तमंडळांत एकाच घराण्याची नावे वारंवार वाचताना आपण लक्षात ठेवले पाहिजे.

दुसरा प्रसंग पौलाचा. यरुशलेमातील गरीब बांधवांसाठी मासेदोनिया आणि करिंथ येथील मंडळ्यांकडून वर्गणी गोळा झाली, तेव्हा ज्याच्या शब्दावर त्या मंडळ्यांचा एवढा विश्वास होता, त्या प्रेषिताने ती रक्कम एकट्याने नेण्याचे नाकारले आणि मंडळ्यांनी निवडलेले सोबती बरोबर घेतले. कारण जे देवाच्या दृष्टीने योग्य तेच मनुष्यांच्याही दृष्टीने योग्य दिसले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. माझे बहुतेक आयुष्य लहानमोठ्या संस्थांच्या कारभारात गेले, आणि तेथे जे मी पाहिले त्यावरून सांगतो की जो प्रामाणिक आहे त्याला तपासणीचा राग येत नाही. एका खेड्यातील मंडळीचे वृद्ध वडील मला आठवतात. दानपेटी दोन साक्षीदारांच्या समक्ष उघडल्याखेरीज ते तिला हात लावीत नसत, आणि महिन्याचा जमाखर्च स्वच्छ अक्षरात लिहून उपासनामंदिराच्या दारावर चिकटवीत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी तोच ताळेबंद रविवारी उपासनेनंतर मोठ्याने वाचला जाई, आणि मोलमजुरी करणारी एखादी विधवाही दिव्याच्या तेलाचा खर्च या महिन्यात वाढला कसा, असे विचारीत असे. तिला उत्तर मिळे. त्या मंडळीत भांडणे झाली नाहीत असे नव्हे. पण संशय मात्र मुरला नाही.

नेतृत्वाची याहून सूक्ष्म परीक्षा उपकाराच्या वेळी होते. पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. 1889 च्या मार्च महिन्यात त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले, दुसऱ्या वर्षी ते पुण्यास नेले, आणि 1893 मध्ये, सदनातील मुली बाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात यावरून उठलेल्या वादात, रानडे व भांडारकर यांच्यासारखी थोर माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली. आपण आपल्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी बंद करणार नाही, आणि कोणा मुलीवर सक्तीही करणार नाही, ही बाईंची भूमिका होती. विधवांना सदनात पाठविणाऱ्या पालकांना दिलेल्या विश्वासाचे काय, हा दुसऱ्या बाजूचा प्रश्न होता. इतक्या वर्षांनंतर कोणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता मी एवढेच म्हणेन की हे दोन्ही प्रश्न खरे आहेत, आणि बाईंनी आपली श्रद्धा झाकून ठेवली नाही, यातच त्यांच्या नैतिक बळाचे मूळ आहे. पुढे 1896-97 च्या भीषण दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या, उपासमारीने आणि त्याहून भयंकर संकटांनी घेरलेल्या मुलींना घेऊन गेल्या, आणि केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना केवळ अन्न देऊन न थांबता शेती, विणकाम, छपाई असे हाताला काम दिले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच स्त्रियांच्या हातांनी छापले गेले.

अरण्यात उपाशी असलेल्या ख्रिस्तापुढे सैतानाने जो पहिला मोह ठेवला, तो दगडाची भाकर करण्याचा होता, आणि अरण्याच्या या जिल्ह्यांत काम करणाऱ्या आपणांस त्याचा अर्थ कोणी शिकवावयास नको. भुकेल्याच्या हातावर ठेवलेल्या भाकरीवर आपली मोहोर उमटविणे, आजाऱ्याच्या कृतज्ञतेची वसुली करणे, वसतिगृहातील गोंड वा माडिया मुलाच्या गरजेचे रूपांतर आपल्या वार्षिक अहवालातील आकड्यात करणे, हा सारा त्याच मोहाचा विस्तार होय. आपली श्रद्धा आपण उघडपणे सांगावी, अभिमानाने सांगावी. पण घेणाऱ्याला नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य जेथे उरत नाही, तेथे दान उरत नाही, व्यवहार उरतो.

कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, आणि बावीस वर्षांनी, 1917 मध्ये, मिशनच्या नोकरीचे निश्चित वेतन सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' स्थापन केला. सत्ता, पगार आणि हुद्दा यांवाचून माणसे जोडता येतात, ही त्यांची श्रद्धा होती. परंतु टिळकांच्या नेतृत्वाचा खरा हिशेब लिहिला तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात टिळकांचे औदार्य आहे, प्रतिभा आहे, देवभक्ती आहे, आणि त्याबरोबरच त्यांचा शीघ्रकोप, त्यांचा हट्ट, घरात पैसा नसताना केलेले दान, आणि त्या सर्वांचा भार सोसणारी पत्नीही आहे. त्या पानांत द्वेषाचा लवलेश नाही आणि खुशामतीचाही नाही. म्हणूनच ते वाचून टिळक लहान होत नाहीत. अशा लेखनाची परंपरा ज्या समाजाला लाभली, त्या समाजाने आपल्या दिवंगत पाळकांची आणि संस्थापकांची निव्वळ स्तुतिपर चरित्रे छापीत राहावे, ही मला आपल्या साहित्याची सर्वांत मोठी उणीव वाटते. जमाखर्च तपासणारा जसा लागतो, तसा शील तपासणारा लेखकही लागतो.

ख्रिस्ताने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, ही कथा आपण प्रतिवर्षी ऐकतो. तिचा प्रत्यक्ष अर्थ याच चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्यास एका ख्रिस्ती नसलेल्या पुरुषाने दाखवून दिला. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना बाबा आमटे यांनी सफाई कामगारांचे दुःख कागदावरून समजून घेण्यात समाधान मानले नाही, आणि मैल्याची पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. पुढे पावसात गटाराकाठी पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्यास पाहून त्यांना भीती वाटली, तेव्हा त्या भीतीस शरण न जाता ते परत फिरले, आणि त्यातून कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभे राहिले. बाबांनी ख्रिस्ताविषयीचा आदर कधी लपविला नाही. ख्रिस्ताचे अनुकरण ही आपली मिरासदारी नव्हे, हे अशा उदाहरणांनी आपणांस नम्रपणे मान्य करावयास लावले पाहिजे.

आता कार्याविषयी थोडे. आपल्या प्रत्येक संस्थेचा जमाखर्च वर्षातून एकदा तरी लाभार्थ्यांसमोर, त्यांना समजेल अशा भाषेत, मराठीत आणि आवश्यक तेथे गोंडीत, वाचला जावा. विश्वस्तपदाला मुदत असावी, आणि ती संपल्यावर मनुष्याने सन्मानाने उतरावे. मिशनकाळातील जमिनी आणि इमारती या पूर्वजांनी सोपविलेल्या ठेवी आहेत. त्यांच्या विक्रीचा ठराव बंद दाराआड होऊ नये. शिपाई, परिचारिका, स्वयंपाकीण आणि वसतिगृहातील मूल यांची तक्रार ऐकणारा मनुष्य ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या हाताखालचा नसावा. आणि लेखकहो, या सर्वांची नोंद आपण ठेवावी; 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाने 1842 पासून मराठीत जो निर्भीड वाद-संवाद चालविला, त्याचे वारस म्हणवून घ्यावयाचे तर आपल्याच घरातील अन्यायाविषयी लिहिण्याचे धैर्य आपल्या लेखणीत असले पाहिजे.

हे सुलभ नाही. हिशेब मागणाऱ्यास फितूर ठरविण्याची आणि हिशेब देणाऱ्यास दुर्बळ समजण्याची सवय आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. परंतु ज्या प्रभूला आपण गुरू मानतो, त्याने राष्ट्रांच्या अधिपतींप्रमाणे प्रभुत्व गाजविण्याची आपल्या अनुयायांना स्पष्ट मनाई केलेली आहे, आणि त्या आज्ञेला अपवाद नाही. या संमेलनातील प्रत्येक संस्थाचालकाने आपल्या गावी परतल्यावर येत्या वार्षिक सभेत आपला ताळेबंद सर्वांत गरीब सभासदाच्या हाती प्रथम द्यावा, आणि त्याच्या प्रश्नांची उत्तरे उभे राहून द्यावीत, असा ठराव आपण उद्याच्या खुल्या अधिवेशनात संमत करावा, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.