बावीस वर्षांचा हिशेब
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला एका हिशेबाबद्दल बोलायचे आहे, आणि तो माझाच चुकलेला हिशेब आहे.

आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या मावशी गेल्या वर्षी गावी परतल्या. गुडघे चालेनात. बावीस वर्षे झाली होती. मी साडी दिली, खणानारळाने ओटी भरली, पाचशे रुपये हातावर ठेवले. वाटले, आपण रीतीने वागलो.

पुढच्याच महिन्यात आमचे हे निवृत्त झाले. ग्रॅच्युइटीचा आकडा पाहून मी विचारले, हे कशाबद्दल? ते म्हणाले, इतकी वर्षे चाकरी केल्याबद्दल. साहेबाची मेहेरबानी नव्हे. 1972 साली कायदाच झाला. दहा किंवा अधिक माणसे कामावर असतील तेथे पाच वर्षे सलग नोकरी झाली, की सोडताना दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो. महिना सव्वीस दिवसांचा धरतात.

मग मी दुधाच्या वहीत मावशींचा हिशेब मांडला. शेवटचा पगार 2,600, म्हणजे रोजचे 100. पंधरा दिवसांचे 1,500. बावीस वर्षांचे 33,000! घरकामाला हा नियम लागू नाही, हे खरे. पण वहीतला आकडा त्याने पुसला जाईना.

एकदम एवढे आणायचे कोठून? एकदम नकोच. महिन्याला सव्वाशे पडतात. पोस्टात आवर्ती खाते शंभरापासून उघडते. ते तिच्या नावे उघडा, आणि पासबुक तिच्याच हाती द्या. आपल्या कपाटात नको. दिवाळीचा जादा पगार वेगळा, तो यातून वळता करू नका. राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. आपल्या बाईची तेथे नोंद आहे का, तेही विचारा.

मागच्या महिन्यात मी मावशींच्या गावी जाऊन अकरा हजार देऊन आले. बाकीचे दोन हप्त्यांत देईन. त्या म्हणाल्या, "वहिनी, हे कशाचे?" वहीचे पान त्यांच्या नातीने वाचून दाखवले. तिने भागाकार पुन्हा करून पाहिला, हे मला आवडले.

आता आपल्याकडे. मंडळाच्या मदतनीस बाई एकोणीस वर्षे सतरंज्या घालत आहेत. आजच्याही त्यांनीच घातल्या. त्यांच्या खात्याचा ठराव मी पुढच्या सभेत मांडणार आहे, मागच्या वर्षांसकट. अनुमोदन कोण देणार, ते आताच सांगा.